समुद्रातील तेलविहिरींमधून येणारी वाळू आणि तिच्यावरील दूरस्थ देखरेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात उपकरणशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि एमआयडीसीतील काही तंत्रज्ञांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. शिकवायला लागण्यापूर्वी मी काही वर्षे बंगालच्या उपसागरातील एका प्लॅटफॉर्मवर उपकरण विभागात काम केले, त्यामुळे काही उत्तरांत तेथील अनुभवही आला आहे.

तेलाच्या विहिरीतून वाळू का येते?

तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. खडकाच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत ते मुरलेले असते. हा खडक वालुकाश्म असेल आणि भूगर्भाच्या हिशेबाने कोवळा असेल, तर त्याचे कण एकमेकांना पुरते चिकटलेले नसतात. विहीर वाहती केली की तिच्या तळाशी दाब उतरतो, आसपासच्या खडकातील द्रव तिकडे धाव घेतो आणि वाटेतील सुटे कण सोबत ओढून आणतो. उत्पादन जितके जास्त ओढावे तितका हा दाबातील फरक वाढतो. पुढे वर्षे जातात तसा साठ्याचा स्वतःचा दाबही घटतो. आधी वरच्या थरांचे ओझे काही प्रमाणात त्या द्रवाने पेललेले असते. आता ते कणांच्या सांगाड्यावर येते आणि सांगाडा चिरडू लागतो.

तिसरे कारण पाण्याचे आहे, आणि ते समजण्यासाठी पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात मुले खेळताना पाहावीत. कोरड्या वाळूचे घर उभे राहत नाही. ओलसर वाळूचे उभे राहते. आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतले की ते ढासळते. कणांमधील पाण्याचा पातळ पापुद्रा पृष्ठताणाने त्यांना धरून ठेवतो, पण पोकळ्या पाण्याने भरल्या की हा धर सुटतो. तेलविहिरीत पाण्याचे प्रमाण वाढू लागल्यावर वाळू अचानक सुरू होते, त्यामागे हे एक मोठे कारण असते. म्हणून विहिरीला पाणी लागल्याची बातमी आली की वाळूच्या आलेखाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे.

आमच्या बोअरच्या पाण्यातही कधी कधी रेती येते. हा तोच प्रकार आहे का?

तत्त्व बरेचसे तेच आहे. सोलापूर परिसरात खाली काळा पाषाण असल्याने बोअरमध्ये येते ती बहुधा वरच्या मुरमाच्या थरातील भर असते, आणि म्हणूनच त्या थरापुरता केसिंग पाइप घालतात. भीमेच्या काठावरील शेतकऱ्यांचा अनुभव तेलविहिरीच्या अधिक जवळचा आहे, कारण नदीतून पाणी उपसणाऱ्या पंपाचे इम्पेलर वाळूने कसे झिजते हे त्यांनी हाताने पाहिलेले असते. फरक परिणामांचा आहे. शेतातील पंप झिजला तर पाणी कमी येते आणि खर्च होतो. समुद्रातील नळी झिजून फुटली तर उच्च दाबाचा ज्वलनशील वायू माणसांच्या राहत्या जागेजवळ बाहेर पडतो.

वाळूचे बारीक कण पोलादाचे नेमके काय बिघडवतात?

वाळूचा मुख्य घटक असलेल्या क्वार्ट्झचा कठीणपणा, खनिजांना १ ते १० अशी श्रेणी देणाऱ्या मोहच्या मापावर, ७ आहे. साधे पोलाद त्याहून मऊ असते. असा कण वायूबरोबर वेगाने जाताना सरळ नळीत फारसे नुकसान करत नाही. वळण आले की वायू वळतो, कण मात्र आपल्या वेगाच्या नेटाने सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीवर आपटतो. त्यामुळे झीज सगळीकडे सारखी न होता वळणांवर, टी-जोडांवर, चोकच्या (विहिरीचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) आत आणि त्याच्या लगेच पुढे एकवटते. साखर कारखान्यात किंवा औष्णिक वीज केंद्रात राख वाहून नेणाऱ्या नळ्यांवर काम केलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे वेग. झीज वेगाच्या साधारण २.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे अभियांत्रिकीत प्रचलित असलेल्या गणितात धरतात. म्हणजे वाळू तेवढीच राहिली आणि वेग दुप्पट झाला, तर झीज सुमारे सहापट होते. तेलाच्या विहिरीपेक्षा वायूच्या विहिरीत थोडी वाळूही अधिक भयंकर का, याचे उत्तर यातच आहे : वायूचा वेग मोठा असतो, आणि घट्ट द्रव कणाला जसा आवरतो तसा विरळ वायू आवरत नाही.

झिजेखेरीज दुसरे त्रासही आहेत. वेग कमी असेल तर वाळू विहिरीतच साचून प्रवाह कोंडते. समुद्रतळावरील पाइपलाइनमध्ये ती थर धरते आणि त्या थराखाली गंज वाढतो. तेल, वायू आणि पाणी वेगळे करणाऱ्या सेपरेटरच्या तळाशी ती बसली की टाकीची उपयोगी जागा घटते, द्रवाला वेगळे व्हायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि तेलात पाणी व पाण्यात तेल जाऊ लागते.

वाळू येते आहे हे दुरून कसे कळते? विहिरीत कॅमेरा असतो का?

कॅमेरा नसतो. मुख्यतः आवाज ऐकला जातो.

कण वळणावर आपटला की पोलादात अतिशय सूक्ष्म कंपन उमटते. या कंपनाचा बराच भाग १०० ते ५०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही, त्यामुळे नळीला कान लावूनही हा आवाज आपल्याला कळणार नाही. नळीच्या बाहेरून पट्ट्याने घट्ट बसवलेला पीझोइलेक्ट्रिक संवेदक तो टिपतो आणि त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो. हा संवेदक ९० अंशाच्या वळणानंतर, नळीच्या व्यासाच्या साधारण दुप्पट अंतरावर बसवण्याचा प्रघात आहे, कारण आघात वळणावर होतात आणि तेथून त्यांचा आवाज स्पष्ट पोहोचतो. नळीला छिद्र पाडावे लागत नाही आणि उत्पादन थांबवावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

बसवताना मात्र काळजी लागते. त्या जागेवरचा रंग खरवडून पोलाद स्वच्छ करावे लागते, संवेदकाचे टोक आणि पोलाद यांच्यामध्ये सिलिकॉन ग्रीस लावावे लागते, आणि पट्टा योग्य ताणाने आवळावा लागतो. ही कामे क्षुल्लक वाटतात. मी ज्या चुका पाहिल्या त्यांतील बहुतेक याच कामांत होत्या. आमच्या एका विहिरीचा आलेख काही आठवडे अगदी शांत होता आणि त्या शांततेचे सर्वांना समाधान होते. पुढे सेपरेटर साफ करताना तळाशी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वाळू सापडली. तपासले तेव्हा संवेदकाखालचे ग्रीस पूर्ण वाळलेले होते आणि पट्टा सैल झाला होता. विहीर बोलत होती, पण आमचा कान नळीपासून सुटला होता. मी स्वतः त्या आलेखावर रोज सही करत होतो, आणि ती गोष्ट मी विसरलेलो नाही. वाळू नसतानाही वाहत्या विहिरीचा आवाज शून्याजवळ जात नाही. म्हणून संकेत नेहमीच्या पातळीच्याही खाली गेला, तर त्याचाही अलार्म वाजलाच पाहिजे, असा आग्रह मी तेव्हापासून धरतो.

पडद्यावर 'दर सेकंदाला इतके ग्रॅम' असा आकडा दिसतो. तो खरा मानावा का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे लांब देतो. संवेदक वाळू तोलत नाही. तो एकूण आवाज मोजतो, आणि त्या आवाजात वाळूखेरीज वायूच्या प्रवाहाचा, चोकच्या सुसाट्याचा, जवळच्या पंपाचा आणि आळीपाळीने येणाऱ्या द्रवाच्या लोंढ्यांचाही वाटा असतो. वाळू नसताना त्या विहिरीचा आवाज किती असतो हे आधी वेगवेगळ्या वेगांना मोजून ठेवावे लागते. त्यानंतर ठरावीक वजनाची वाळू मुद्दाम प्रवाहात सोडून आवाज किती वाढतो ते पाहिले जाते. या दोन मोजण्यांवरच पुढचे सगळे आकडे उभे असतात.

समजा, पडद्यावर कच्चा संकेत १,००० एकक आहे. वाळूविना आवाज ४०० एकक असल्याची नोंद आहे, आणि दर सेकंदाला १ ग्रॅम वाळूमागे संकेत २०० एककांनी वाढतो असे चाचणीत आढळले आहे. तर १,००० मधून ४०० वजा करून २०० ने भागल्यास ३ ग्रॅम प्रतिसेकंद मिळतात, म्हणजे दिवसाला सुमारे २५९ किलो. आता असे धरा की मधल्या काळात चोक थोडा अधिक उघडला गेला, वेग वाढला, आणि वाळूविना आवाजच ८०० एककांवर गेला, पण तो कोणी नव्याने मोजला नाही. वेगाबरोबर प्रत्येक कणाचा आघातही जोराचा होतो, तो हिशेब तूर्त बाजूला ठेवला तरी खरी वाळू १ ग्रॅम प्रतिसेकंदाच्या पुढे जात नाही, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ८६ किलो भरते. पडदा मात्र २५९ किलोच दाखवत राहतो. उलट बाजूने चूक झाली, तर वाळू येत असूनही पडदा शून्य दाखवेल. म्हणून हिशेबात प्रवाहाचा वेग सतत मिसळावा लागतो, आणि विहिरीचा स्वभाव बदलला की पायाभूत मोजणी पुन्हा करावी लागते. वायू व द्रव यांचे प्रमाण बदलले, पाणी वाढले किंवा चोक नवा बसवला, तर जुनी मोजणी कालबाह्य झाली असे समजावे.

माझ्या मते अंतिम आकड्यापेक्षा कच्च्या संकेताचा आलेख अधिक प्रामाणिक असतो. नव्या माणसाने आधी तो वाचायला शिकावे.

ध्वनीखेरीज दुसरी साधने नाहीत का?

आहेत. विद्युत-रोध प्रोब हे त्यांतील सर्वांत विश्वासाचे साधन. धातूची एक पातळ पट्टी प्रवाहात बसवलेली असते. ती झिजत जाते तसा तिचा विद्युत-रोध वाढतो, आणि त्यावरून किती मायक्रोमीटर धातू गेला ते कळते. तापमानानेही रोध बदलतो, म्हणून प्रवाहापासून सुरक्षित ठेवलेली दुसरी पट्टी तुलनेसाठी असते. हे साधन हळू बोलते, कारण झीज मोजण्याइतकी होईपर्यंत थांबावे लागते. ते बसवण्यासाठी नळीत वाटही करावी लागते. मात्र वाळू किती आली यापेक्षा नुकसान किती झाले हे ते सांगते, आणि शेवटी आपल्याला काळजी नुकसानीचीच असते. ध्वनी-संवेदक आणि प्रोब जोडीने असावेत. एकाने तातडीने सांगावे आणि दुसऱ्याने खातरजमा करावी.

नळीच्या भिंतीची जाडी बाहेरून मोजणारे कायमस्वरूपी अल्ट्रासॉनिक संवेदकही वापरतात. काही विहिरींत प्रकाशतंतूची केबल थेट तळापर्यंत सोडतात. तंतूत सोडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश ठिकठिकाणाहून माघारी परततो, आणि त्यातील बदलांवरून वाळू नेमकी कोणत्या खोलीवर शिरते आहे ते शोधता येते. ही माहिती मौल्यवान आहे, कारण मग एखादा थरच बंद करता येतो. तिचा पसारा मात्र दिवसाला कित्येक टेराबाइटपर्यंत जाऊ शकतो. तो सगळा किनाऱ्यावर पाठवणे व्यवहार्य नसते. त्यामुळे प्लॅटफॉर्मवरच गणित करून फक्त निष्कर्ष पुढे पाठवतात.

बाटलीत नमुना घेऊन वाळू गाळून तोलण्याची जुनी रीत अजून मोडीत निघालेली नाही, आणि निघू नये.

फार बारीक वाळू सुटून जाते का?

होय. सुमारे ५० मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांचा आघात इतका मंद असतो की तो प्रवाहाच्या गोंगाटात बुडून जातो. तसे कण पोलाद फारसे झिजवत नाहीत, पण साचतात मात्र नक्की.

ही माहिती समुद्रातून किनाऱ्यापर्यंत कशी येते?

संवेदकाचा संकेत ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहाने किंवा मॉडबससारख्या अंकीय भाषेत प्लॅटफॉर्मवरील नियंत्रण कक्षात जातो. ज्वलनशील वायू असू शकेल अशा जागेत ही साधने असल्याने त्यांच्यातून ठिणगी पडणार नाही अशी प्रमाणित रचनाच वापरावी लागते. तेथून स्काडा यंत्रणा (दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारी संगणकीय व्यवस्था) ती माहिती समुद्रतळावरील ऑप्टिकल केबलने, मायक्रोवेव्ह दुव्याने किंवा उपग्रहामार्फत किनाऱ्यावर धाडते. विहिरीचे तोंडच समुद्रतळावर असेल, तर संवेदक पाण्याखाली असतो, आणि वीज, नियंत्रण व माहिती एकत्र नेणाऱ्या अंबिलिकल नावाच्या जाड केबलीतून त्याचा संकेत येतो.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर परत यायला अर्धा सेकंद किंवा थोडा अधिक वेळ लागतो. वाळूच्या कामाला हा उशीर काहीच नाही. खरी अडचण दुवा तुटण्याची असते, विशेषतः वादळी हवेत. म्हणून प्लॅटफॉर्मवरच नोंदी साठवून ठेवणे आणि दुवा जुळल्यावर त्या मूळ वेळेसह पुढे पाठवणे ही सोय असलीच पाहिजे. तसे नसेल तर आलेखात सरळ रेष दिसते आणि पाहणाऱ्याला विहीर शांत होती असे वाटते.

मग याला 'तत्क्षण' देखरेख म्हणणे बरोबर आहे का?

संकेतापुरते बरोबर आहे. वाळूपुरते पूर्णपणे नाही. विहीर २,५०० मीटर लांब आहे आणि नळीतील प्रवाहाचा वेग सेकंदाला ३ मीटर आहे असे धरले, तर तळाशी सुटलेला कण वर यायला सुमारे १४ मिनिटे लागतात, आणि वाळू द्रवाच्या थोडी मागेच राहते. कमी वेगाच्या विहिरीत तर ती तळाशी साचून राहते आणि चोक उघडल्यावर एकदम उसळून येते. म्हणून चोक एकदम न उघडता टप्प्याटप्प्याने उघडायचा आणि प्रत्येक टप्प्यावर काही काळ थांबून आलेख पाहायचा, अशी पद्धत आहे. ज्या टप्प्यापर्यंत विहीर वाळूविना किंवा सोसवेल इतक्याच वाळूसह वाहते, तो तिचा सुरक्षित दर ठरतो.

अलार्म वाजल्यावर काय करतात? यंत्रणा स्वतःच विहीर बंद का करत नाही?

सहसा करत नाही, आणि ते योग्य आहे. ध्वनी-संकेतात खोट्या उसळ्या पुष्कळ असतात; प्रत्येक उसळीला विहीर बंद केली तर बंद-चालू करण्याच्या दाबबदलानेच खडक आणखी मोडतो आणि वाळू वाढते. आपत्कालीन बंदीची यंत्रणा वेगळी असते. नळी फुटून दाब अचानक उतरला तर ती प्लॅटफॉर्मवरच, किनाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता, झडपा बंद करते.

वाळूच्या अलार्मनंतर माणूस आधी खात्री करतो : चोक नुकताच हलवला का, शेजारी एखादा पंप सुरू झाला का, प्रोबवर काही दिसते का, नमुन्यात वाळू आहे का. खात्री पटली की चोक हळूहळू आवळून प्रवाह कमी करतात आणि वाळू उतरते का ते पाहतात. न उतरल्यास विहीर थांबवून तळाशी जाळी बसवणे, जाळीभोवती निवडक आकाराच्या खड्यांचा थर देणे किंवा राळेने कण बांधणे असे मोठे उपाय विचारात घ्यावे लागतात.

येथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. रात्री दोन वाजता किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला अलार्म दिसला, पण चोक आवळायला सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे नसेल आणि उत्पादन घटल्याचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागणार असेल, तर ती देखरेख नुसती कागदावरची होय. किती वाळूला कोणी काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले असावे, आणि त्याप्रमाणे वागणाऱ्याला मागून बोल लावला जाऊ नये.

मुंबई हायमध्ये हा त्रास आहे का?

१९७४ मध्ये सापडलेल्या आणि १९७६ पासून उत्पादन देणाऱ्या मुंबई हायचा मुख्य तेलधारक खडक चुनखडीचा आहे, त्यामुळे तेथे सुट्या वाळूचा प्रश्न वालुकाश्माच्या क्षेत्रांइतका मोठा नाही. पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र कोवळे वालुकाश्म आहेत. तेथील केजी-डी६ खंडात एप्रिल २००९ मध्ये वायूचे उत्पादन सुरू झाले, आणि पुढे त्यातील काही विहिरी पाणी व वाळू शिरल्यामुळे बंद पडल्या. आपल्या भागातील वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो : भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पंढरपूरच्या वाळवंटातून जाणारे पाणी शेवटी त्याच किनाऱ्यावर पोहोचते, जेथे नद्यांनी लाखो वर्षे आणलेल्या गाळाच्या थरांत आज तेल आणि वायू शोधतात.

बाहेर आलेल्या वाळूचे काय करतात?

सेपरेटरच्या तळाशी पाण्याचे फवारे मारून ती हलवतात, प्रवाह गरगर फिरवून वाळू बाजूला काढणाऱ्या चक्रावर्ती डीसँडरमधून वेगळी करतात, धुऊन तिचे तेल काढतात, आणि नियमांनुसार विल्हेवाट लावतात किंवा पिंपांत भरून किनाऱ्यावर आणतात. तेल लागलेली वाळू तशीच समुद्रात टाकता येत नाही. तिचे वजन मात्र प्रत्येक वेळी नोंदवावे, कारण पडद्यावरील आकड्यांचा ताळा त्याच वजनाशी जुळवायचा असतो.

आमची मुलगी अशा ठिकाणी काम करायला निघाली आहे. तेथे सुरक्षितता कितपत असते?

धोका नाही असे सांगणे खोटे ठरेल. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय उत्तर येथील प्लॅटफॉर्मवर भीषण आग लागून २२ जणांचा बळी गेला. त्या आगीचे कारण वाळू नव्हते. एक जहाज वायूवाहक नळीवर आदळले होते. तरी वायू बाहेर पडल्यावर किती कमी वेळ हाताशी असतो ते त्या दिवसाने दाखवले. भारतात समुद्रातील कामांसाठी २००८ चे स्वतंत्र सुरक्षा नियम आहेत आणि ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेट त्यांवर लक्ष ठेवते. प्लॅटफॉर्मवर जाण्याआधी समुद्रात तग धरण्याचे आणि पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. दूरस्थ देखरेखीमुळे समुद्रावर कमी माणसे ठेवून काम चालते, हाही तिचा एक लाभ आहे, आणि मला तो उत्पादनापेक्षा मोठा वाटतो.

हे काम सोलापुरात बसून करता येईल का?

आलेखांचा अभ्यास, संगणकीय गणिते आणि अहवाल यांपुरते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. प्रत्यक्ष नियंत्रणाची यंत्रणा सुरक्षिततेसाठी सर्वसाधारण इंटरनेटपासून वेगळी ठेवतात, त्यामुळे तो भाग कंपनीच्या स्वतःच्या कक्षातूनच चालतो. शिवाय ज्याने एकदाही संवेदकाचा पट्टा हाताने आवळलेला नाही, त्याने दुरून आलेख वाचून निर्णय द्यावा, हे मला पटत नाही. आधी काही वर्षे समुद्रावर काढावीत.

महाविद्यालयात याचा एखादा छोटा प्रयोग करता येईल का?

सहज करता येईल. साधा पंप, दीड-दोन मीटर लोखंडी पाइप, ९० अंशाचा एक बेंड, बाजारात मिळणारी पीझो चकती आणि महाविद्यालयातील ऑसिलोस्कोप एवढे पुरते. आधी स्वच्छ पाणी तीन-चार वेगवेगळ्या वेगांनी सोडा आणि प्रत्येक वेळी संकेताची पातळी लिहून ठेवा. मग चाळून, धुऊन, वाळवून तोललेली १०० ग्रॅम वाळू पंपाच्या पुढे, पाइपच्या सुरुवातीला एका फनेलमधून सावकाश सोडा, म्हणजे पंप खराब होणार नाही. शेवटी कापडातून पाणी गाळा, वाळू पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. वजन १०० ग्रॅमपेक्षा कमी भरले तर बेंड उघडून आत पाहा. राहिलेली वाळू बहुधा तेथेच सापडते.